घटस्फोटाच्या केसेस बाईंकडे द्या

मागच्या महिन्यात बार रूममध्ये चहा घेताना एका सीनियरांनी मला अगदी आपुलकीनं सांगितलं, "मॅडम तुम्ही फॅमिली मॅटर्सच घ्या ना, बायका तुमच्याशी मोकळं बोलतात, हे वाटपाचे दावे, मोजणी, दरखास्ती, यात कशाला जीव घालता." मी चौदा वर्षं दिवाणीची कामं करतेय. सातबारा आणि फेरफारांची चळत समोर घेऊन बसलं की मला खरंच आनंद होतो, १९५०-६० सालचा एखादा जुना फेरफार सापडला आणि त्यातनं अख्ख्या घराण्याची भांडणं उलगडत गेली की तहानभूक विसरायला होतं. त्यामुळे त्यांचं बोलणं मनाला लागलं. वाईट हेतू नव्हता त्यांचा, पण लागलं.

त्या रात्री मला परत एकदा अमेरिकेतली जज फ्लॉरेन्स ॲलन आठवली. बऱ्याच दिवसांपासून तिच्याबद्दल लिहायचं मनात होतं, आज बसलेच.

अमेरिकेत दोन कोर्टं समांतर चालतात. राज्यांची वेगळी आणि केंद्राची म्हणजे फेडरल वेगळी. आपल्याकडे तालुक्याच्या कोर्टापासून सुप्रीम कोर्टापर्यंत एकच शिडी आहे, तिथं दोन शिड्या. आणि जज होण्याची रीतही निराळी. कितीतरी राज्यांत जज चक्क निवडणुकीला उभा राहतो, मतं मागतो, हरतो, जिंकतो. फेडरल जजला मात्र राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट म्हणजे तिथल्या संसदेचं वरचं सभागृह मंजुरी देतं, आणि मग तो माणूस तहहयात जज. फ्लॉरेन्स ॲलन या दोन्ही शिड्या चढली, म्हणजे लोकांनी मतं देऊन तिला जज केलं आणि नंतर राष्ट्राध्यक्षांनीही केलं, आणि दोन्हीकडे तिच्या आधी त्या जागी एकही बाई बसलेली नव्हती.

१८८४ साली युटा राज्यात सॉल्ट लेक सिटीला तिचा जन्म (तेव्हा युटा राज्य नव्हतं, टेरिटरी म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतला प्रदेश होता). वडील क्लॅरेन्स ॲलन भाषांचे जाणकार, मुलीला लहानपणीच ग्रीक-लॅटिन घरी शिकवलं. पुढे १८९६ ला युटा राज्य झालं तेव्हा त्या राज्यातून काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, निवडून गेलेले पहिले प्रतिनिधी तेच. आई कोरीन बायकांच्या चळवळीतली. आणि युटाचं वैशिष्ट्य असं की तिथं बायकांना १८७० मध्येच मत मिळालं होतं, मधे १८८७ ला काढून घेतलं, १८९६ ला परत दिलं. म्हणजे ज्या वयात बाकीच्या अमेरिकेतल्या बहुतेक मुलींना बाई मत देते हेच माहीत नव्हतं त्या वयात हिच्या अवतीभवती बायका मत देत होत्या. मला वाटतं हे फार महत्त्वाचं आहे. लहानपणी जे डोळ्यांनी पाहिलेलं असतं ते नंतर कुणी "हे होत नसतं" म्हणून सांगितलं तरी पटत नाही.

तिला खरं व्हायचं होतं पियानोवादक. ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडला वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातून १९०४ ला पदवी घेतली आणि बर्लिनला गेली, पियानो शिकायला. तिथं हाताच्या नसेला दुखापत झाली आणि कॉन्सर्ट पियानिस्ट व्हायचं स्वप्न तिथंच संपलं. विशी-बाविशीतली मुलगी, परक्या देशात, आणि ज्याच्यासाठी आलो तेच हातातनं गेलेलं. ती संगीतावर लिहायला लागली, परत येऊन क्लीव्हलंडच्या प्लेन डीलर या वर्तमानपत्रात संगीत समीक्षक झाली. मग राज्यशास्त्रात एमए केलं, आणि तिथं कायद्याची गोडी लागली.

पण वेस्टर्न रिझर्व्हच्या लॉ स्कूलमध्ये बायकांना प्रवेश नव्हता. ज्या विद्यापीठानं तिला बीए दिलं, एमए दिलं, त्याच विद्यापीठाच्या लॉ कॉलेजचं दार बंद. मग एक वर्ष शिकागोत, तिथनं न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत, शिकता शिकता पोटासाठी संगीतावर लेक्चरं द्यायची, आणि १९१३ ला वर्गात दुसरी येऊन पास झाली. क्लीव्हलंडला परत आली तर बाई म्हणून कुठल्याही फर्ममध्ये घेईनात. तेव्हा स्वतःचं ऑफिस टाकलं आणि गरिबांसाठीच्या लीगल एड सोसायटीत फुकट काम करायला लागली. नवीन वकिलाचे ते दिवस माझ्या डोळ्यासमोर येतात. अशील येईल म्हणून दाराकडे बघत बसायचं आणि पायरीवर कुणाचं पाऊल वाजलं की हातातलं पुस्तक पटकन बाजूला ठेवायचं.

याच सुमारास ती बायकांच्या मताधिकारासाठी ओहायोभर फिरत होती, गावोगाव भाषणं. १९१२ ला तिथं या विषयावर मतदान झालं, हरले. १९१४ ला परत झालं, परत हरले (मतदान करणारे सगळे पुरुष हे लक्षात घ्या). मग ईस्ट क्लीव्हलंड या छोट्या शहरानं काय केलं तर आपल्या नगरपालिकेपुरता बायकांना मताचा हक्क दिला. त्याला कोर्टात आव्हान मिळालं, आणि १९१७ ला ओहायोच्या सुप्रीम कोर्टात त्या हक्काच्या बाजूनं उभी राहिली फ्लॉरेन्स ॲलन, वकिली सुरू करून तीनच वर्षं झालेली. केस जिंकली. पाच-सहा वर्षांनी ती त्याच कोर्टात जज म्हणून बसणार होती.

१९१९ ला ती काउंटीची (काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा) सहायक सरकारी वकील झाली. आणि आता १९२० च्या ऑगस्टची गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त आवडते.

ओहायोमध्ये त्या वर्षी उमेदवार ठरवणारी प्रायमरी १० ऑगस्टला होऊन गेली होती. आणि बायकांना मताचा हक्क देणारी एकोणिसावी घटनादुरुस्ती मंजूर झाली १८ ऑगस्टला. म्हणजे आठ दिवस उशीर! मतदार असल्याशिवाय उमेदवार होता येत नाही, आणि मतदार झाली तोवर पक्षांची दारं बंद झालेली. एकच वाट उरली, सह्यांच्या अर्जावर स्वतंत्र उभं राहायचं. मग ज्या बायका इतकी वर्षं मताधिकारासाठी दारोदार हिंडल्या होत्या त्याच परत बाहेर पडल्या, आता सह्या गोळा करायला. रस्ते माहितीचे, घरं माहितीची, कुठल्या घरात कोण दार लावून घेतं आणि कोण बसवून पाणी देतं हे सगळं पाठ. भराभर सह्या झाल्या, नोव्हेंबरला निवडणूक झाली, आणि फ्लॉरेन्स ॲलन कायाहोगा काउंटीच्या कोर्ट ऑफ कॉमन प्लीजची जज म्हणून निवडून आली. कॉमन प्लीज म्हणजे आपल्या जिल्हा न्यायालयासारखं समजा, दिवाणी फौजदारी दोन्ही. बायकांना मत मिळून तीन महिनेसुद्धा झाले नव्हते.

इथून पुढे मी त्यांना "त्या" म्हणणार, कारण डायसवर बसलेल्या माणसाला अगं-तुगं करणं माझ्याच्यानं होत नाही, सवय.

तर ॲलनबाई कोर्टात आल्या आणि बरोबरच्या जजांनी एक सूचना केली. घटस्फोटाच्या केसेसचं एक वेगळं कोर्ट करू आणि ते बाईंकडे देऊ.

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा हसू आलं नाही, पोटात कालवलं. शंभर वर्षांपूर्वी, पृथ्वीच्या त्या टोकाला, क्लीव्हलंडसारख्या मोठ्या शहरात, आणि वाक्य तेच जे मी आमच्या बार रूममध्ये ऐकलं. बाईंनी काय केलं? त्या म्हणाल्या, माझं लग्नच झालेलं नाही, या विषयातला अनुभव तुम्हा लग्न झालेल्या मंडळींना जास्त, तेव्हा हे काम तुम्हीच करा (शब्द माझे आहेत, आशय त्यांचा). विषय संपला. त्यांना बाकी जजांसारखाच सगळा बोर्ड मिळाला, म्हणजे सगळ्या प्रकारच्या केसेस, खुनापासून करारापर्यंत.

कुटुंबाच्या केसेस हलक्या असतात असं मला अजिबात म्हणायचं नाहीये, उलट माणूस आतून पिळवटून निघतो त्या कामात, आमच्याकडच्या फॅमिली कोर्टात रोज उभ्या राहणाऱ्या मैत्रिणींबद्दल मला फार आदर आहे. प्रश्न एवढाच आहे की ते काम तुम्ही निवडलंय का तुम्हाला तिकडं सरकवलंय.

आणि बोर्डावर खून आलाच. क्लीव्हलंडमध्ये १९२० च्या शेवटच्या दिवशी एका कारखान्याच्या पगाराची रक्कम लुटताना दोन माणसांचे खून झाले होते. त्यातला आरोपी फ्रँक मोटो, टोळीवाला, त्याची केस बाईंपुढे चालली. ज्यूरीनं, म्हणजे साध्या नागरिकांच्या पंचमंडळानं, दोषी ठरवलं, दयेची शिफारस केली नाही, आणि त्या कायद्याप्रमाणे शिक्षा एकच होती, मृत्युदंडाची. ती त्यांनी सुनावली. त्यांना धमक्यांची पत्रं आली, तू पण मरशील अशी. मला स्वतःला मृत्युदंड पटत नाही आणि हे मी लपवणार नाही, हा भाग वाचताना मला जड जातं. पण त्या काळी लोक उघड बोलायचे की बाई मवाळ पडेल, बाईचं काळीज, तिच्याच्यानं व्हायचं नाही, आणि ज्या खुर्चीवर आपण बसलो तिचा कायदा आपल्या हळवेपणानं बदलत नाही एवढं त्यांना त्या दिवशी स्वतःच्या तोंडानं भरलेल्या कोर्टात उच्चारावं लागलं. सोपं गेलं नसणार.

(ज्यूरी म्हटलं की आपल्याला फक्त मुंबईची नानावटी केस आठवते. ओहायोत मात्र १९२० नंतर ज्यूरीत बायका बसायला लागल्या हाही मोठाच बदल होता.)

दोनच वर्षांनी, १९२२ ला, त्या ओहायोच्या सुप्रीम कोर्टासाठी उभ्या राहिल्या. राज्यभर बायकांनी फ्लॉरेन्स ॲलन क्लब काढले आणि त्या निवडून आल्या. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याच्या सुप्रीम कोर्टात बसलेल्या पहिल्या महिला. १९२८ ला परत उभ्या राहिल्या, मोठ्या फरकानं परत जिंकल्या. गंमत बघा, १९२६ ला सिनेटसाठी आणि १९३२ ला संसदेच्या खालच्या सभागृहासाठी प्रयत्न केला तेव्हा मात्र हरल्या. लोकांना त्या कायदे करणाऱ्या म्हणून नको होत्या, न्याय देणाऱ्या म्हणून हव्या होत्या. निवडून येणारा जज ही पद्धत मला एरवी पटत नाही, मतं मागितलेल्या माणसानं निःपक्ष कसं राहायचं हा प्रश्न मनात राहतोच. पण एक कबूल करावं लागतं, की त्या काळात गव्हर्नरच्या किंवा पुढाऱ्यांच्या मर्जीवर सोडलं असतं तर बाई जज व्हायला अजून कितीतरी वर्षं लागली असती. तिथं साध्या मतदारांनी, त्यातही नुकत्याच मतदार झालेल्या बायकांनी, ते काम दोन निवडणुकांत उरकून टाकलं.

मग १९३४. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट यांनी त्यांना सहाव्या सर्किटच्या फेडरल अपील कोर्टावर नेमलं. ओहायो, मिशिगन, केंटकी आणि टेनेसी अशा चार राज्यांची अपिलं तिथं येतात, कोर्ट सिनसिनाटीला. फेडरल अपील कोर्टात याआधी एकही बाई नव्हती. सिनेटनं १५ मार्चला मंजुरी दिली. सांगतात की ही बातमी ऐकून तिथल्या एका जजानं दोन दिवस अंथरूण धरलं! लोकांच्या मतांवर दोनदा राज्याच्या सुप्रीम कोर्टात गेलेली बाई, अकरा वर्षांचा वरच्या कोर्टाचा अनुभव, आणि तरी पुन्हा सगळं पहिल्यापासून सिद्ध करायचं. हे मात्र मला माहितीय. कोर्ट बदललं, तालुक्यातनं जिल्ह्याला आलं, की परत पहिल्या दिवसासारखं, परत कुणीतरी विचारणार मॅडम तुम्ही कुणाच्या ज्युनियर.

बाईंनी यावर कुठं भाषण केलं नाही. काम केलं. पेटंटच्या केसेस, ज्या यंत्रांच्या नकाशांसकट येतात आणि भलेभले ज्या टाळतात, त्यात त्या मुरल्या. करांच्या केसेस, कंपन्यांच्या केसेस. आणि मग आली धरणांची केस.

ही केस मला फार जवळची वाटते, आणि का ते सांगते. १९३३ ला रुझवेल्टनी टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी काढली, टीव्हीए. टेनेसी नदीवर सरकारनं धरणं बांधायची, पूर आवरायचा, बोटी चालतील असं पात्र करायचं आणि धरणावर तयार होणारी वीज स्वस्तात लोकांना द्यायची. त्या खोऱ्यात तेव्हा बहुतेक शेतकऱ्यांच्या घरात कंदीलच होते. खाजगी वीज कंपन्या खवळल्या. अठरा कंपन्या कोर्टात गेल्या, म्हणाल्या सरकारला वीज विकायचा घटनेनं अधिकारच नाही, आणि आमचा धंदा बुडतोय. अशा केसेससाठी तीन जजांचं कोर्ट बसायचं, आणि त्याच्या अध्यक्षस्थानी फ्लॉरेन्स ॲलन. सुनावणी टेनेसीतल्या चॅटनूगा शहरात. नोव्हेंबर १९३७ पासून आठवडेच्या आठवडे पुरावा चालला, देशातले नामांकित वकील, इंजिनियरांच्या साक्षी, नदीची पातळी, पुराचे आकडे, बोटींचं वजन, विजेचे दर. जानेवारी १९३८ ला निकाल आला आणि तो टीव्हीएच्या बाजूनं होता. धरणं नदीतली वाहतूक आणि पूर यांच्यासाठी बांधलेली आहेत, त्यावर तयार झालेली वीज सरकारची मालमत्ता आहे आणि ती विकता येते, आणि कायदेशीर स्पर्धेनं धंदा कमी झाला म्हणून कंपन्यांना दाद मागता येत नाही. १९३९ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानंही कंपन्यांचं अपील फेटाळलं.

आता आपल्याशी काय संबंध? तर १९४३ ला दामोदर नदीला मोठा पूर आला, बंगालमध्ये हाहाकार झाला, आणि त्यावर उपाय म्हणून टीव्हीएच्याच धर्तीवर दामोदर खोऱ्याची योजना आखली गेली. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये मजूर खातं कुणाकडे होतं? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे. जानेवारी १९४५ ला कलकत्त्यात या योजनेची बैठक झाली ती बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली. टीव्हीएमधले इंजिनियर वूर्डुइन इकडे आले होते, आराखडा त्यांनी केला. १९४८ ला दामोदर व्हॅली कॉर्पोरेशनचा कायदा झाला. बाबासाहेबांचं पाण्याच्या धोरणातलं हे काम आपल्याकडे व्हायला हवं तेवढं बोललं जात नाही याची मला कायम खंत वाटते. आणि चॅटनूगातला तो निकाल जर उलटा गेला असता, टीव्हीए मधेच अडकली असती, तर बाबासाहेबांसमोर दाखवायला चालू असलेला नमुना कुठला असता? मी हे कुठं वाचलेलं नाही, माझ्या मनात येतं ते लिहितेय. पण त्या तीन जजांतल्या मधल्या खुर्चीवर जी बाई बसली होती तिला घटस्फोटाच्या कोर्टात ठेवलं असतं तर ती नदीच्या पुराचे आकडे कधी वाचणारच नव्हती.

सुप्रीम कोर्टात जागा रिकामी झाली की त्यांचं नाव यायचं, दरवेळी यायचं आणि दरवेळी मागे पडायचं. १९४९ ला डेमोक्रॅटिक पक्षाच्या इंडिया एडवर्ड्स यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्याकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला होता. एडवर्ड्सबाईंनीच पुढे सांगितलं की ट्रूमननी सरन्यायाधीशांना विचारलं, तर उत्तर आलं की बाई असली तर चर्चेच्या खोलीत जजांना झगे काढून, कॉलर सैल करून मोकळं बसता येणार नाही. एवढंच कारण. पंधरा वर्षं अपील कोर्टात बसलेल्या माणसाच्या बाबतीत. मला या गोष्टीचा अजूनही राग येतो, कितीही वेळा वाचली तरी. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात पहिली बाई १९८१ ला गेली, सँड्रा डे ओकॉनर, त्याही आधी ॲरिझोना राज्याच्या कोर्टात निवडून आलेल्या जज होत्या. तोवर ॲलनबाईंना जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

१९५८ ला त्या सहाव्या सर्किटच्या चीफ जज झाल्या, फेडरल अपील कोर्टाच्या पहिल्या महिला चीफ जज. ऑक्टोबर १९५९ ला पूर्णवेळ कामातून बाजूला झाल्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत इकडे केरळ हायकोर्टात ॲना चंडी यांनी शपथ घेतली, आपल्या देशातल्या हायकोर्टाच्या पहिल्या महिला जज. आपल्या मुंबई हायकोर्टात पहिली महिला जज यायला १९७८ उजाडलं, न्या. सुजाता मनोहर. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली १८९२ ला, आणि मुंबई हायकोर्टात बाई जज झाली ती त्यानंतर शहाऐंशी वर्षांनी.

सप्टेंबर १९६६ ला ओहायोतच फ्लॉरेन्स ॲलन गेल्या. ८२ वर्षांच्या होत्या. आदल्याच वर्षी त्यांचं आत्मचरित्र आलं होतं, त्याचं नाव बायबलमधल्या एका वचनातून घेतलंय, न्यायानं वागावं अशा अर्थाचं.

आमच्या ऑफिसात सध्या एक ज्युनियर आहे, दीड वर्ष झालंय तिला सनद मिळून. हुशार आहे, टिपणं इतकी नेटकी काढते की मला माझ्या सीनियरांना दाखवावीशी वाटतात. तिच्या घरच्यांचं म्हणणं की कन्सेंट डिव्होर्स, वारस दाखले असं काहीतरी घे, पोलीस स्टेशन आणि सेशन्स कोर्टाच्या फंदात पडू नको. परवा संध्याकाळी ऑफिस बंद करताना ती दारात थांबली आणि म्हणाली, "मॅडम, त्या विहिरीच्या मारामारीच्या केसमध्ये पंचाचा उलटतपास मी घेऊ का?" मी ड्रॉवरमधून फाइल काढून तिच्या हातात दिली. पंचनाम्यातली वेळ आणि स्टेशन डायरीतली वेळ यात चाळीस मिनिटांचा फरक आहे, तो तिनं आधीच पेन्सिलीनं अधोरेखित करून ठेवला होता. तारीख पुढच्या गुरुवारी आहे.